सांगणारा आणि लिहिणारा

गेल्या शतकांतील मुंबई ज्यांनीं पाहिली आहे त्यांस बोरीबंदरजवळच्या मोठ्या पोस्टाबाहेर बसणारे पत्रलेखक आठवत असतील. गिरणींत राबणारा कोंकणचा गडी त्यांच्यापुढें उकिडवा बसे, गांवीं काय कळवावयाचें तें तोंडानें सांगे, आणि लेखक तें कागदावर उतरवी. सांगणें चार वाक्यांचें असे. पत्र मात्र साष्टांग नमस्कारापासून सुरू होऊन दोन पानें भरी. शेवटीं तें वाचून दाखविलें जाई व गडी मान डोलवी. आपण सांगितलें तेंच लिहिलें आहे कीं नाहीं, हें पडताळण्याचें दुसरें साधन त्याच्यापाशीं नव्हतें.

पत्राच्या बाबतींत यानें फारसें बिघडत नसे. कर्जरोख्याच्या बाबतींत संसार बुडत. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें गांवीं शेतकऱ्यांनीं सावकारांचीं दफ्तरें बाहेर काढून जाळलीं. त्या खतांवर निशाण्या त्यांच्याच होत्या. मजकूर मात्र दुसऱ्याचा होता. पुढें १८७९ सालीं सरकारनें कायदा करून शेतकऱ्यांचे दस्तऐवज गांव-रजिस्ट्रारासमोर लिहिले जावेत अशी तजवीज केली, ती याच दुखण्यावर. जोतीराव फुले यांच्या १८८३ सालच्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथांत निरक्षर कुणब्याची कागदोपत्रीं कशी नागवणूक होते याचें जें चित्र आहे, तें वाचून आजही मन विषण्ण होतें.

हें सारें आज आठवण्याचें कारण वरवर पाहतां फार दूरचें आहे. ज्यास संगणकाच्या भाषांचा गंधही नाहीं असा मनुष्य आपल्या मनांतील कल्पना साध्या बोलीनें कृत्रिम बुद्धिमत्तेस सांगतो, आणि घटकाभरांत तिचा चालता-बोलता प्रोग्रॅम त्याच्यापुढें उभा राहतो, असें आतां घरोघर घडूं लागलें आहे. याचें वर्णन क्रांति या शब्दानें चालू आहे. आम्ही पडलों इतिहासाचे शिक्षक. कोणीं क्रांति म्हटली कीं तिची वंशावळ शोधावी, ही आमची खोड. ती शोधतां असें दिसतें कीं, यंत्रास सामान्य मनुष्यानें स्वतःच आज्ञा द्यावी ही आकांक्षा कांहीं काल-परवांची नव्हे. तिला सत्तर वर्षें होऊन गेलीं, आणि या काळांत मधला लेखक हटला अशी दवंडी अनेकदां पिटली गेली.

संगणकाची पहिली लेखणी तारांची होती. १९४६ सालीं अमेरिकेंत फिलाडेल्फिया येथें 'एनिॲक' हें यंत्र लोकांपुढें आलें, तेव्हां त्यास नवा हिशेब सांगणें म्हणजे तारा एका जागेवरून उपसून दुसरीकडे बसविणें व खटके फिरविणें होतें. हें काम सहा तरुण स्त्रियांनीं केलें, आणि त्यांचीं नांवें पुढें कित्येक दशकें कोणाच्या स्मरणांत राहिलीं नाहींत. त्यानंतर तारांची जागा आंकड्यांनीं घेतली. पण ते आंकडे मांडावयाचे तर गणिताची पदवी पाहिजे, आणि विलक्षण चिकाटीही पाहिजे.

या कोंडींतून वाट काढणाऱ्यांत ग्रेस हॉपर या विदुषीचें नांव अग्रभागीं येतें. या व्हासार कॉलेजांत गणिताच्या अध्यापिका होत्या. महायुद्धाच्या काळांत त्या नौदलांत गेल्या व १९४४ सालीं हार्वर्ड येथील प्रचंड गणकयंत्रावर त्यांची नेमणूक झाली. १९५२ च्या सुमारास त्यांनीं यंत्राकडूनच यंत्राच्या आज्ञा जुळवून घेण्याची युक्ति काढली. पुढें त्यांच्या मनांत आलें कीं, व्यापारी पेढ्यांतील लोक चिन्हांस भितात, तर त्यांस इंग्रजी शब्दांत आज्ञा लिहूं द्याव्या. यंत्रास इंग्रजी समजत नाहीं, हें उत्तर त्यांस मिळालें. तेव्हां त्यांनीं एक लहानसा नमुना करून वरिष्ठांस दाखविला, आणि हीच कल्पना कोणत्याही भाषेस लागू पडते हें पटावें म्हणून त्याच आज्ञा फ्रेंच व जर्मन शब्दांतही चालवून दाखविल्या. हा शेवटचा भाग अंगाशीं आला! फिलाडेल्फियांत जन्मलेल्या सभ्य अमेरिकन यंत्रास फ्रेंच आणि जर्मन कळावें ही कल्पना त्या वरिष्ठांस इतकी असह्य झाली कीं, आमचें यंत्र केवळ इंग्रजींतच चालेल अशी हमी देत बाईंस बरेच दिवस काढावे लागले. वास्तविक यंत्रास तिन्ही भाषा सारख्याच अनोळखी होत्या. अमुक अक्षरें आलीं कीं अमुक करावें, एवढेंच त्यास ठाऊक. ही हकीकत हॉपरबाई पुढें मोठ्या मिस्किलपणें सांगत असत.

त्यांच्या या प्रयत्नांची छाप 'कोबोल' या भाषेवर पडली. मे १९५९ मध्यें अमेरिकेच्या संरक्षणखात्याच्या आश्रयाखालीं सभा भरली, आणि वर्षभरांत व्यापारी कामासाठीं इंग्रजी वाक्यांसारखी दिसणारी ही भाषा तयार झाली. कचेरीचा मुख्य स्वतः आज्ञावली वाचून पाहील, त्यास कारकुनाच्या शब्दावर विसंबावें लागणार नाहीं, ही आशा तिच्यामागें होती. झालें उलटेंच. मुख्यांनीं ती वाचली नाहीं, कारण शब्द ओळखीचे असले तरी हिशेबाची गुंतागुंत तेवढीच राहिली; कोबोल लिहिणाऱ्यांचा मात्र नवा धंदा निर्माण झाला. एप्रिल २०२० मध्यें साथीच्या काळांत बेकारीभत्त्याच्या अर्जांचा लोंढा आला, तेव्हां न्यू जर्सी संस्थानच्या गव्हर्नरांस कोबोल जाणणारे स्वयंसेवक पाहिजेत अशी जाहीर हांक मारावी लागली. सर्वांस वाचतां यावी म्हणून रचलेली भाषा साठ वर्षांनीं मोडी लिपीच्या पंक्तीस जाऊन बसली होती.

आम्हांस स्वतःस या सर्व वंशावळींत अधिक जवळचे वाटतात ते डार्टमथ कॉलेजांतील दोन प्राध्यापक, जॉन केमेनी व थॉमस कर्ट्झ. त्यांच्या कॉलेजांतील बहुसंख्य विद्यार्थी विज्ञानशाखेचे नव्हते. पुढें समाजांत अधिकाराच्या जागीं बसणार ते हेच, आणि त्यांस संगणक म्हणजे काय हें हातानें कळलें नाहीं तर कसें चालेल, अशी या दोघांची चिंता होती. म्हणून त्यांनीं मूठभर सोप्या शब्दांची 'बेसिक' ही भाषा रचली, आणि एकाच यंत्रावर अनेकांनीं एकाच वेळीं काम करावें अशी योजना केली. १ मे १९६४ रोजीं पहाटे चारच्या सुमारास ती प्रथम चालली. विद्यार्थ्यास ग्रंथालयांतील कपाटासारखा संगणक मोकळा असावा, हें त्यांचें म्हणणें. येथें लक्षांत घेण्याची गोष्ट ही कीं, केमेनी-कर्ट्झ यांनीं लेखक स्वस्त केला नाहीं. त्यांनीं सांगणाऱ्यास अक्षरओळख करून दिली.

तिसरी वाट निघाली ती फळ्यावरून. हार्वर्डच्या व्यापारशाळेंत डॅन ब्रिकलिन हा विद्यार्थी बसला असतां, फळ्यावरच्या कोष्टकांतील एक आंकडा बदलला कीं बाकीचे सारे पुसून पुन्हां लिहावे लागतात, हें त्याच्या मनांत सलूं लागलें. त्यानें व बॉब फ्रँकस्टन यानें मिळून १९७९ सालीं 'व्हिजिकॅल्क' बाजारांत आणलें. आज कचेरी-कचेरींत ज्यास 'एक्सेल शीट' म्हणतात त्याचा हा मूळ पुरुष. ज्यास कीर्द-खतावणी समजते त्यास हें समजे. येथें भाषा शिकण्याचा प्रश्नच फारसा नव्हता, आणि प्रत्येक आंकडा डोळ्यांसमोर असल्यामुळें ताळा पाहतां येई. चुका अर्थात् होतच. २०१० सालीं दोन नामांकित अर्थशास्त्रज्ञांनीं राष्ट्रीय कर्जाविषयीं जो निबंध प्रसिद्ध केला, त्यांतील एका सरासरींत पांच देशांच्या ओळी घ्यावयाच्या राहूनच गेल्या होत्या. पण ती चूक २०१३ सालीं एका विद्यार्थ्यानें मूळ कोष्टक मागवून, उघडून दाखविली. दाखवितां आली ती तें कोष्टक वाचतां येण्याजोगें होतें म्हणून.

मधल्या काळांतील इतर दवंड्यांचा विस्तार करीत नाहीं. १९८१ सालीं इंग्लंडांत 'द लास्ट वन' या नांवाचा प्रोग्रॅम निघाला; यापुढें दुसरा लिहिण्याची गरजच पडणार नाहीं, असा त्या नांवाचा अभिप्राय. त्यानंतर किती लिहिले गेले तें वाचक जाणतातच.

या उत्साहाच्या भरांत विरोधी सूर लावला तो हॉलंडचे पंडित एड्सगर डाइकस्ट्रा यांनीं. बोलभाषेंत यंत्रास आज्ञा देण्याची कल्पना त्यांस शुद्ध मूर्खपणाची वाटे. त्यांचा मुद्दा असा कीं, गणिताचीं चिन्हें हें सामान्यांवरचें ओझें नसून ती एक सवलत आहे. चिन्हांत चुकीचें विधान करणें कठीण पडतें, तर बोलण्यांत निरर्थक गोष्टही अर्थपूर्ण भासते. हा मुद्दा आम्हांस अर्धाच पटतो. मनुष्यास आपल्याला काय पाहिजे हें बोलण्याच्या ओघांत, उलटसुलट विचारतां-विचारतां, हळूहळू समजत जातें. तें आधीं चिन्हांत मांडा म्हटलें तर बहुतेक लोक उठूनच जातील.

आतां सध्यांच्या गोष्टीकडे येऊं. ३० नोव्हेंबर २०२२ रोजीं 'चॅटजीपीटी' लोकांस खुलें झालें. या जातीचीं यंत्रें अफाट मजकुरावर पोसलेलीं असतात, आणि त्या मजकुरांत लोकांनीं लिहून उघड्यावर ठेवलेल्या असंख्य आज्ञावल्याही येतात. मागील शब्दांवरून पुढें काय येण्याचा संभव अधिक, याचें अनुमान करीत तीं लिहीत जातात. हॉपरबाईंच्या यंत्रास नेमका शब्द नेमक्या जागीं लागे. यास तसें लागत नाहीं, अर्धवट सांगितलें तरी उरलेलें तें आपल्या अनुमानानें भरून काढतें. येथेंच त्याचें सामर्थ्य आहे आणि येथेंच आमचा तो पोस्टाबाहेरचा पत्रलेखक पुन्हां भेटतो. चार वाक्यांचीं दोन पानें होतात. त्यांत सांगणाऱ्याचें किती आणि लेखकाच्या संवयीचें किती, हें सांगणाऱ्यास उमगत नाहीं. फेब्रुवारी २०२५ मध्यें आंद्रे कारपाथी या तज्ज्ञानें या पद्धतीस 'व्हाइब कोडिंग' असें नांव दिलें: यंत्र जें लिहील तें न वाचतां स्वीकारावें, आज्ञावली अस्तित्वांत आहे हेंच विसरावें. त्यानें तें सुटीच्या दिवशींच्या फुटकळ प्रयोगांपुरतें म्हटलें होतें. लोकांनीं ती मर्यादा सोडून शब्द तेवढा उचलला. त्याच वर्षीं जुलैमध्यें एका अमेरिकन उद्योजकाच्या चालू कामांतील माहितीचा साठा अशाच यंत्रानें पुसून टाकला, आणि तोही कशासही हात लावूं नये अशी स्पष्ट ताकीद दिलेली असतां.

तथापि केवळ भिववून सोडणें हा आमचा हेतु नाहीं. आमचे एक स्नेही बँकेंतून निवृत्त झालेले आहेत. घराण्यांतील जुन्या कागदपत्रांची यादी करावी, शके व तिथि घातली असतां इंग्रजी तारीख मिळावी, असा त्यांचा कित्येक वर्षांचा ध्यास. असलें काम कोणता प्रोग्रॅमर कशासाठीं करील? गिऱ्हाईक एकटे तेच. गेल्या वर्षीं त्यांनीं हें सारें मराठींतच यंत्रास सांगितलें. आधीं नुसतें साल काढून पाहूं म्हणाले, आणि संध्याकाळपर्यंत त्याचा प्रोग्रॅम हातांत आला. फिलाडेल्फियाच्या त्या वरिष्ठांस हें ऐकून काय वाटलें असतें कोण जाणे! स्नेह्यांनीं प्रथम शिवराज्याभिषेकाचे शके १५९६ घातले. उत्तर आलें १६७४. बरोबर. घरचीं मंडळी आनंदली. मग त्यांनीं पानिपतची तिथि घातली, पौष शुद्ध ८, शके १६८२. उत्तर आलें १७६०.

"प्रोफेसरसाहेब, यानें तर आम्हांला वर्षभर आधींच हरवलें हो!" ते फोनवर म्हणाले.

घोटाळा उघड होता. शकाचें वर्ष चैत्रांत बदलतें, इंग्रजी वर्ष जानेवारींत. म्हणून वर्षाच्या पहिल्या भागांत शकांत ७८ मिळवावे लागतात, आणि पौषाच्या सुमारास जानेवारी लागला कीं ७९. पानिपतचा संग्राम झाला तो १४ जानेवारी १७६१ रोजीं. यंत्रानें सरसकट ७८ मिळविले होते. दोष सांगतांच त्यानें नम्रपणें दुरुस्ती केली. पण सांगावें लागलें. तो सांगतां आला तो आमच्या स्नेह्यांस आज्ञावली वाचतां येत होती म्हणून नव्हे. त्यांस पानिपत ठाऊक होतें.

यांतच आम्हांस या विषयाचें मर्म दिसतें. ज्या वस्तूचें ज्ञान सांगणाऱ्याच्या रक्तांत भिनलेलें आहे, तिच्यापुरता तो आज खरोखर स्वतंत्र झाला आहे. लिहिलेलें न वाचतांही त्याचा ताळा त्यास पाहतां येतो, आणि असा लाभ केमेनी-कर्ट्झ यांच्या विद्यार्थ्यांसही इतक्या सहज झाला नव्हता. परंतु त्याच स्नेह्यांनीं उद्यां सोसायटीच्या सभासदांचे पैसे व गुप्त माहिती सांभाळणारा प्रोग्रॅम असाच करून घेतला, तर कुलूप नीट बसलें आहे कीं नाहीं हें ते कशावरून ओळखणार? तेथें ते पुन्हां निशाणी करून मोकळे होणारे कुणबीच. १८७९ च्या कायद्यानें निदान एक रजिस्ट्रार मध्यें बसविला होता. या नव्या दस्तांपुढें अद्यापि तसा कोणी बसलेला आम्हांस दिसत नाहीं. तज्ज्ञांनीं या नवशिक्यांची टवाळी करण्याऐवजीं ती जागा घेतली तर बरें, असें आमचें मत आहे.

स्नेह्यांचें काम अजून चालूच आहे. आतां त्यांनीं शुहूर सनास हात घातला आहे. 'इहिदे सितैन मया व अलफ' हे आरबी शब्द यंत्रानें पहिल्याच झटक्यास ११६१ असे वाचले, आणि आम्ही चकित झालों. पण तें वर्ष मृगापासून लागतें हें त्यास पुन्हां सांगावेंच लागलें. मोडकांची जंत्री शेजारीं उघडी ठेवून ते रोज रात्रीं दहा पत्रांच्या तारखा ताडून पाहतात. परवांपर्यंत साठ पत्रें झालीं होतीं. त्यांत दोन चुकलीं.