शिडीवरून खाली

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

कष्टाच्या कामांचा इतिहास सहसा कुणी लिहीत नाही. वाडा कोणी बांधला याची नोंद सापडते. तो बांधताना परांचीवरून कोण पडलं, याची सापडत नाही. आज मी अशाच एका कामाविषयी बोलणार आहे. काम साधं आहे, घरांच्या खिडक्यांच्या काचा बाहेरून पुसण्याचं. मुलूख इंग्लंडचा आहे. पण ही हकीकत माझ्यापर्यंत आली ती आमच्या घरातूनच.

आमच्या रत्नागिरीकडच्या कितीतरी मुसलमान घरांतले पुरुष पी. अँड ओ. कंपनीच्या बोटींवर खलाशी होते. माझे मामू त्यांतलेच. साठच्या दशकात ते बोट सोडून बर्मिंगहॅमच्या एका कारखान्यात लागले आणि पुढे कुटुंबाला तिकडे घेऊन गेले. त्यांचा थोरला मुलगा, ज्याला आम्ही सगळे भाई म्हणतो, तोही कारखान्यातच लागला. १९८० नंतरच्या मंदीत त्या भागातले कारखाने धडाधड बंद पडले. भाई घरी बसला. तेव्हा शेजारच्या एका आयरिश म्हाताऱ्याने त्याला आपल्याबरोबर कामाला घेतलं. म्हातारा खिडक्या पुसायचा. भाई त्याला ‘उस्ताद’ म्हणायचा आणि त्या शब्दाचा अर्थ त्याने म्हाताऱ्याला समजावूनही दिला होता.

इंग्लंडमध्ये खिडकी ही एकेकाळी चैनीची वस्तू होती. १६९६ साली तिथे खिडक्यांवर कर बसला. जितक्या खिडक्या जास्त, तितका कर जास्त. लोकांनी कर चुकवायला खिडक्या विटांनी बुजवून टाकल्या; जुन्या घरांच्या भिंतींवर त्या आंधळ्या चौकटी अजून दिसतात. म्हणजे सरकारने उजेडावरच पट्टी बसवली होती. काचेवरचा कर १८४५ साली उठला आणि खिडक्यांवरचा १८५१ साली. मग घराघरांत काच आली आणि काचेमागून ती पुसणारा माणूस आला.

त्याची हत्यारं मोजकी. लाकडी शिडी, बादली, मऊ कातडं आणि फडकं. पुढे रबराची पट्टी बसवलेला वायपर आला. आज जगभर ज्या घडणीचा हलका पितळी वायपर ओळखला जातो, तो एत्तोरे स्तेकोने नावाच्या इटालियन माणसाने अमेरिकेत केला आणि १९३६ साली त्याचं पेटंट घेतलं. तो स्वतः खिडक्या पुसूनच पोट भरायचा. त्याच १९३६ साली इंग्लंडमध्ये जॉर्ज फॉर्मबी या विनोदी नटाचं, खिडक्या पुसणाऱ्यावरचं एक गाणं गाजलं. शिडीवरून त्याला लोकांच्या खोल्यांत काय काय दिसतं, असा त्याचा मासला. बी.बी.सी.ने ते चावट ठरवून लावायचं नाकारलं. लोक हसले. शिडीवरच्या माणसाला काय दिसतं हे सगळ्यांना ऐकायचं होतं. त्याची शिडी कशावर टेकली आहे, हे मात्र कुणी विचारलं नाही.

शिडी लावण्याचाही हिशेब असतो. चार हात उंचीला एक हात पाया बाहेर. त्याहून उभी लावली तर मागे कलंडते, त्याहून आडवी लावली तर पाय घसरतो. उस्तादने भाईला हे पहिल्याच दिवशी शिकवलं. ओला दगड, शेवाळ, उतार, मऊ माती यांना भ्यायला शिकवलं. एका हाताने वायपर नागमोडी फिरवत, थेंब न सांडता, पूर्ण काच एका दमात ओढायला शिकवलं. ठरलेल्या गल्ल्यांतल्या ठरलेल्या गिऱ्हाइकांना तिथे ‘राऊंड’ म्हणतात. महिन्या-दोन महिन्यांनी फेरी, आणि संध्याकाळी दारोदार जाऊन पैसे गोळा करायचे. हा राऊंड दुकानासारखा विकताही येतो. उस्ताद थकला तेव्हा त्याने आपला राऊंड भाईला विकला आणि स्वतः भाईकडेच आठवड्यातले तीन दिवस काम करू लागला.

२००३ च्या नोव्हेंबरात उस्ताद पडला. सकाळची वेळ, फरशी ओली. शिडी चढायला शिकवणाऱ्याची शिडीच सरकली. तो दुसऱ्या मजल्यावरून उभाच्या उभा खाली आला आणि दोन्ही टाचांची हाडं फुटली. जीव वाचला, पण धड चालणं कायमचं गेलं. ‘‘त्याच्या बायकोला सांगायला मी गेलो,’’ भाई मला म्हणाला. ‘‘तिने दार उघडलं, माझ्या हातातली त्याची टोपी बघितली आणि मी बोलायच्या आधीच खाली बसली. ती पायरी मी अजून विसरलो नाही.’’

तो पुढे बरेच दिवस शिडीवर चढला, कारण घर चालवायचं होतं. पण चढताना पाय मोजू लागला.

मग कायदा आला. युरोपच्या एका निर्देशावरून ब्रिटनने उंचीवरच्या कामाचे नियम केले आणि ते ६ एप्रिल २००५ पासून लागू झाले. शिडीवर बंदी आली असा तिथे पुष्कळ बोभाटा झाला, पण तसं नव्हतं. थोड्या वेळाच्या, कमी धोक्याच्या कामाला शिडी चालते. नियमाचा गाभा वेगळा होता. उंचीवर जाणं टाळता येत असेल तर जाऊच नका. जावंच लागलं तर पडणार नाही अशी तजवीज करा. तीही पुरी होत नसेल तर पडल्यावर कमी लागेल असं बघा. हे क्रमाने. भाई ज्या शाळेच्या खिडक्या पुसायचा, तिथून लेखी विचारणा झाली की तुम्ही हे काम जमिनीवरून का करत नाही?

जमिनीवरून खिडकी पुसायची तर लांब काठी, टोकाला ब्रश आणि नळीतून पाणी. कल्पना काही मोठी नाही. अडचण पाण्यात होती. नळाच्या पाण्यात चुन्याचे आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. पाणी वाळतं, क्षार काचेवर पांढरे ठिपके होऊन राहतात; म्हणून तर वायपर लागतो. पाण्यात काहीच विरघळलेलं नसेल तर ठिपकाही नाही. काच धुवायची आणि तशीच वाळू द्यायची. असं पाणी करायची एक रीत म्हणजे आपल्या स्वयंपाकघरात आलेला आर.ओ. त्याचा उपयोगी पडदा १९६० च्या सुमारास कॅलिफोर्नियात सिडनी लोब आणि श्रीनिवास सौरिराजन यांनी केला. सौरिराजन हे मूळचे आपल्या भारतातले. समुद्राचं पाणी गोडं करण्याच्या ध्यासातून निघालेली ही वस्तू पुढे खिडक्या पुसणाऱ्याच्या गाडीत जाऊन बसली.

लंडनकडचं पाणी जड, तिथे आर.ओ. लागतोच. बर्मिंगहॅमला मात्र १९०४ पासून वेल्सच्या डोंगरातल्या एलान खोऱ्यातलं मऊ पाणी येतं, सुमारे ११८ किलोमीटरवरून, केवळ उताराने. त्यामुळे भाईचं काम नुसत्या रेझिनच्या टाकीवर भागलं. ती क्षार शोषून घेते. संपली की रेझिन बदलायचं.

भाईने कर्ज काढलं. गाडी घेतली, चारशे लिटरची टाकी बसवली. चारशे लिटर म्हणजे चारशे किलो. नीट जखडली नाही तर ब्रेक मारताच टाकी ड्रायव्हरच्या पाठीत येईल, म्हणजे धोका जागा बदलून बसला होता. कार्बन फायबरचा पोल घेतला, लांब आणि हलका. दिवसभर वर बघून मान आणि खांदे धरायचे. आणि गिऱ्हाइकं कुरकुरू लागली. ‘‘नुसतं पाणी मारलं नि गेले. पुसलं कुठं?’’ पहिल्या एक-दोन फेऱ्यांत चौकटींत साचलेली वर्षांची घाण ओघळते आणि ठिपके पडतात. ते पाहून काहींनी काम बंद केलं. ज्यांनी तिसऱ्या फेरीपर्यंत दम धरला, ते टिकले.

मी २००६ साली त्याच्याकडे गेलो तेव्हा त्याच्याबरोबर एक दिवस हिंडलो. पोल उभा करताना तो हसून म्हणाला, ‘‘अरे, हा तर आपला झेलाच!’’ आमच्याकडे हापूस उतरवायला लांब काठीला जाळी लावलेला झेला असतो. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने तो सुधारून ‘नूतन झेला’ केला. आंबा देठासकट उतरतो, आपटत नाही; आणि जिथवर झेला पोचतो तिथवर माणसालाही फांदीवर चढावं लागत नाही. फळाला जपायला केलेली वस्तू माणसालाही जपते, हे आमच्या बागांत मी पाहिलं होतं. पण मला त्या दोन्हींचा संबंध भाईने जोडून दिला.

संध्याकाळी आम्ही उस्तादकडे गेलो. तो खिडकीशी खुर्चीत बसला होता. भाईने दुपारीच त्याच्या काचा पोलने धुतल्या होत्या. म्हातारा काचेकडे बोट दाखवून म्हणाला, ‘‘तीन ठिपके आहेत. हाताने पुसली असतीस तर नसते राहिले.’’ ते खरं होतं. मी मोजले, तीनच होते.

वाटेत मी भाईला विचारलं, ‘‘मग उस्तादचं चुकलं म्हणायचं का?’’ तो म्हणाला, ‘‘नाही. हाताची काच वेगळीच. मला माहीत आहे, त्यानेच शिकवली. पण माझ्याकडे आता दोन पोरं कामाला आहेत. त्यांच्या आयांची दारं मला माहीत आहेत. तिथे टोपी घेऊन जायचं नाही.’’

एक कसब गेलं, याची हळहळ मला कवी म्हणून वाटते, आणि ती खोटी नाही. पण ती हळहळ जमिनीवर उभं राहून वाटलेली आहे, हेही मी विसरत नाही.

दुसऱ्या दिवशी भाई कामावर लवकर निघाला. उस्तादची खिडकी त्याने पुन्हा धुतली, पैसे न घेता, आणि त्याला न सांगता. शिडी अजून त्याच्या घरामागे भिंतीला टेकलेली होती. पाया बरोबर एक हात बाहेर.