शौर्य पुरस्कारांची शिफारस (भारत)

रणांगणावरील पराक्रमाची नोंद पुरस्कारापर्यंत नेणाऱ्या प्रशासकीय प्रक्रियेस शौर्य पुरस्कारांची शिफारस असे म्हणतात. परमवीर चक्र, महावीर चक्र व वीर चक्र ही पदके २६ जानेवारी १९५० रोजी स्थापन झाली आणि १५ ऑगस्ट १९४७ पासून लागू मानली गेली.

पथकाचा प्रमुख दिनांक, स्थळ व प्रत्यक्ष कृती नमूद करून शिफारस लिहितो. ती वरिष्ठांमार्फत मुख्यालयात जाते. संरक्षण मंत्रालय वर्षातून दोनदा शिफारशी मागवते. संरक्षणमंत्री, तिन्ही दलांचे प्रमुख व संरक्षण सचिव असलेली केंद्रीय समिती त्यांची छाननी करते. पुढे पंतप्रधान व राष्ट्रपती यांच्या संमतीनंतर प्रजासत्ताक दिन व स्वातंत्र्य दिन या निमित्ताने घोषणा होते.

यातील पहिला टप्पाच सर्वांत नाजूक होय. पाहणारा उरला नाही, किंवा पाहिलेले वेळेवर लिहिले गेले नाही, तर पुढील समित्यांपुढे काहीच येत नाही. कारवारजवळील चेंडिये येथील सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे यांनी ८ ते ११ एप्रिल १९४८ या काळात नौशेरा–राजौरी मार्गावरील सुरुंग व अडथळे दूर करून रणगाड्यांना वाट करून दिली. तेव्हा परमवीर चक्र अस्तित्वातही नव्हते. ते त्यांना नंतर मिळाले.

त्यापूर्वी, १० जुलै १९४४ रोजी इटलीत नाईक यशवंत घाडगे यांच्या तुकडीतील इतर सर्व जवान ठार वा जखमी झाले असता त्यांनी शत्रूच्या मशीनगनवर एकट्याने चाल केली. तो हल्ला कोणीतरी पाहून नोंदवला, म्हणूनच त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.