नकली विजेचा वंश

अतिशक्तिशाली मायक्रोवेव्ह नळ्यांना वीज पुरवणाऱ्या यंत्राचं कूळ शोधत मागे गेलं, की आपण विजेच्या खांबावरच्या चिनीमातीच्या इन्सुलेटरपाशी पोचतो. १९२०च्या दशकात उच्चदाबाच्या तारा दूरवर पसरत होत्या. त्यांच्यावर आकाशातली वीज कोसळली तर इन्सुलेटर टिकतील का, हे आधी प्रयोगशाळेत पाहायला हवं होतं. त्यासाठी एर्विन मार्क्स या जर्मन अभियंत्याने नकली वीज पाडायची युक्ती काढली. कपॅसिटर समांतर जोडून सावकाश भारायचे. मग मधल्या फटींत ठिणग्या उडाल्या की तेच कपॅसिटर क्षणात एकसर जोडले जातात आणि दाबांची बेरीज होते. एक लाख व्होल्टचे दहा कपॅसिटर, म्हणजे दहा लाख व्होल्ट! स्विचऐवजी ठिणगीच वापरायची, ही मला यातली सर्वांत देखणी कल्पना वाटते.

मायक्रोवेव्हची नळी मात्र हट्टी. गिगावॅटच्या घरातल्या नळीला ५ लाख व्होल्ट आणि १० हजार अँपिअर लागू शकतात, तेही जेमतेम १०० नॅनोसेकंद. ही शक्ती ५ गिगावॅट झाली. ऊर्जा मात्र अवघी ५०० जूल, म्हणजे १०० वॅटचा दिवा पाच सेकंदांत खातो तेवढीच. खरी ओढाताण वेळेची आहे. दाब झटकन चढला पाहिजे आणि स्थिर राहिला पाहिजे, नाहीतर इलेक्ट्रॉनांचा वेग लहरींशी जुळत नाही. एकटं मार्क्स जनित्र इथे सहसा संथ पडतं.

ही उणीव भरून काढणारी शाखा रडारच्या घराण्यातली. स्टिरिओ ध्वनीचे जनक अ‍ॅलन ब्लमलाइन यांनी विजेचा स्पंद घडवणारी जोडवाहिनी रचली. साधी वाहिनी जुळत्या भाराला भारलेल्या दाबाच्या निम्माच दाब देते, ही पूर्ण देते. ७ जून १९४२ रोजी रडारच्या चाचणीत विमान कोसळून ते गेले. वय अवघं ३८.

स्पंद किती वेळ टिकेल ते वाहिनीच्या लांबीवर ठरतं. १०० नॅनोसेकंदांसाठी ट्रान्सफॉर्मरच्या तेलात सुमारे १० मीटर वाहिनी लागते, शुद्ध पाण्यात पावणेदोन मीटरच्या आत भागतं. पण पाण्यात भार टिकत नाही, झिरपून जातो. म्हणून वाहिनी काही मायक्रोसेकंदांत भरावी लागते. ते काम मार्क्स जनित्र चोख करतं. इन्सुलेटरसाठी जन्मलेलं यंत्र इथे कामी आलं ते असं.

१९६०च्या दशकात इंग्लंडमधल्या ऑल्डरमास्टनला जे. सी. मार्टिन यांच्या गटाने या जोडीला क्ष-किरणांच्या क्षणिक झोतासाठी कामाला लावलं. अण्वस्त्र संशोधनाला तो हवा होता. मायक्रोवेव्हवाले त्यानंतर आले. १९७६ साली एमआयटीत बेकेफी आणि ओर्झेखोव्स्की यांनी अशाच स्पंदांवर मॅग्नेट्रॉन चालवून गिगावॅटच्या आसपास मजल मारली.

आपल्या तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या ‘काली-५०००’ या यंत्राबद्दल वावड्याच फार उठतात. प्रत्यक्षात तिथेही मार्क्स जनित्र ब्लमलाइन वाहिनी भरतं आणि त्या वाहिनीच्या स्पंदाने इलेक्ट्रॉनांचा झोत सुटतो.