वस्तरा, पातं आणि आपण

चरखा नि हातकामाचं कौतुक ऐकलं की मी वस्तऱ्याचा इतिहास सांगतो. विलायतेत शेफिल्डला वस्तरे हातानं घडत. धार काढणारा कारागीर चाकाची जागा भाड्यानं घ्यायचा. नगावर मजुरी, छातीत धूळ. कोरड्या चाकावरचा माणूस जेमतेम ३५ वर्षं जगतो, असं एंगल्सनं १८४५ मध्ये लिहिलं.

तो वस्तरा पिढीभर टिकायचा. गिऱ्हाईक परत येत नसे. अमेरिकेत जिलेटनं हे उलटवलं. पातं स्वस्त, पण फेकायचं. १९०३ मध्ये ५१ रेझर खपले. १९१८ मध्ये अमेरिकन फौजेसाठीच सुमारे ३५ लाख.

यात आपलं काय? गावचा न्हावी आपल्या बापजाद्यांच्या दाढीला हात लावीत नसे. पातं जात विचारत नाही. पण गिरणी विचारायची. मुंबईत धागा तोंडानं ओढावा लागे, म्हणून विणकाम खात्यात आपल्याला मज्जाव. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा सवाल लावून धरला. तरी १९४५ च्या ग्रंथात त्यांनी दोष यंत्राला नाही, समाजरचनेला दिला. यंत्राशिवाय कष्टकऱ्याला फुरसत नाही, असं बजावलं.

तेव्हा मागं फिरायचं नाही. यंत्र कुणाच्या मालकीचं, आणि आपल्याला कुठल्या खात्यात उभं करता, हे विचारायचं.