कंपनीची देणगी आणि मतदाराचे अभिव्यक्तिस्वातंत्र्य

राजकीय पक्षांना कंपन्यांनी द्यावयाच्या पैशाचा प्रश्न भारतीय न्यायालयांपुढे प्रथम ठळकपणे आला, तो अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा प्रश्न म्हणून नव्हे. १९५७ साली टाटा आयर्न अँड स्टील कंपनीला आपल्या मेमोरँडममधील उद्देशांच्या कलमात अशा देणगीचा अधिकार समाविष्ट करावयाचा होता. १९५६च्या कंपनी कायद्यान्वये ह्या बदलास न्यायालयाची संमती लागे, आणि व्यवसाय अधिक काटकसरीने वा अधिक कार्यक्षमतेने चालविणे हे त्यासाठी एक ग्राह्य कारण होते. राजकीय देणगीचे समर्थन काटकसरीच्या परिभाषेत व्हावे, ही गोष्ट मौजेची खरीच. एका भागधारकाने हरकत घेतली. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश छागला ह्यांनी कायद्याच्या शब्दास अनुसरून बदल मान्य केला. तथापि ही प्रथा फोफावत जाऊन अखेर लोकशाहीचा गळा आवळील, असा इशाराही निकालपत्रात दिला, आणि तीवर मर्यादा घालण्याचा विचार संसदेने करावा असे सुचविले.

संसदेने तो केला, पण धरसोडीने. १९६० साली २५,००० रुपये किंवा मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे पाच टक्के, ह्यांपैकी जी रक्कम अधिक असेल ती कमाल मर्यादा ठरली. १९६९ मध्ये संपूर्ण बंदी आली. त्यामुळे पैसा थांबला नाही. पक्षांच्या स्मरणिकांना भरघोस दराच्या जाहिराती मिळू लागल्या. १९८५ मध्ये बंदी उठून पाच टक्क्यांची मर्यादा परतली, २०१३च्या कायद्याने ती साडेसात टक्के झाली, आणि २०१७ साली मर्यादाच काढून टाकण्यात आली. २०१८च्या निवडणूक रोख्यांनी देणगीदाराचे नावही मतदारापासून गुप्त राखले.

दरम्यान अमेरिकेत हाच वाद निराळ्या वाटेने गेला होता. तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९७६च्या बक्ली खटल्यात प्रचारखर्चावरील मर्यादा ही भाषणावरील मर्यादा मानली, आणि २०१० साली सिटिझन्स युनायटेड खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी कंपन्यांच्या स्वतंत्र प्रचारखर्चासही तेच संरक्षण दिले. उमेदवाराला कंपनीने थेट देणगी देण्यावर १९०७ पासून असलेली बंदी मात्र कायम राहिली. ह्या विचारसरणीत अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा धनी आहे तो वक्ता, म्हणजेच खर्च करणारा. परंतु भाषणाच्या व्यवहाराला श्रोताही लागतो. वक्त्याच्या मागे कोण उभा आहे हे न कळता ऐकलेले वाक्य पूर्ण अर्थाने समजले, असे कोणताही भाषाभ्यासक म्हणणार नाही.

भारतात प्रश्नाची ही दुसरी बाजू न्यायालयाने उचलून धरली. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच सदस्यांच्या घटनापीठाने रोखे योजना एकमताने रद्द केली. राज्यघटनेच्या १९व्या अनुच्छेदातील अभिव्यक्तिस्वातंत्र्यात मतदाराचा माहितीचा हक्क अंतर्भूत आहे, हा तिचा आधार होय. कंपन्यांच्या अमर्याद देणगीची तरतूद मात्र निराळ्या कारणास्तव, म्हणजे मनमानी ठरवून, १४व्या अनुच्छेदाखाली रद्द झाली. ह्या दोन आधारांची गल्लत अनेक लेखांत आढळते. पुढील महिन्यात रोखेखरेदीदारांची नावे निवडणूक आयोगाने प्रसिद्ध केली.

अशा रीतीने मतदाराला उत्तर मिळाले. १९५७च्या भागधारकाची हरकत आजही जवळपास तेथेच आहे : देणगीसाठी संचालक मंडळाचा ठराव पुरेसा असतो, भागधारकांची संमती कायदा मागत नाही.