रिंगस्ट्रासवरील निवासप्रासाद

ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना येथे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विकसित झालेला निवासी वास्तूंचा एक प्रकार. एकाच इमारतीत मालकाच्या कुटुंबाचे प्रशस्त निवासस्थान आणि भाड्याने द्यावयाची स्वतंत्र बिऱ्हाडे यांची सांगड घालून तिला अभिजात वास्तुशैलीतील अखंड दर्शनी भाग देणे, हे या प्रकाराचे मुख्य लक्षण होय. बाहेरून ही वास्तू एखाद्या उमराव घराण्याच्या राजवाड्यासारखी दिसे. प्रत्यक्षात तिचा बराचसा भाग भाडेकरूंनी व्यापलेला असे.

अभिजात घर म्हणजे एकाच कुटुंबाचे घर, अशी समजूत रूढ असली, तरी प्राचीन रोमन नगररचनेत भाड्याची बिऱ्हाडे व मालकाचे घर एकत्र नांदत. इ. स. ७९ मध्ये व्हीस्यूव्हिअस ज्वालामुखीच्या उद्रेकात गाडल्या गेलेल्या पाँपेई येथील एका भिंतीवरील रंगविलेल्या सूचनेत, ग्नीअस अलेयस निगिडियस मायस या धनिकाच्या मालकीची दुकाने, वरच्या मजल्यावरील खोल्या व घर १ जुलैपासून भाड्याने देण्याचे जाहीर केले आहे. या वास्तुसमूहाच्या मध्यभागी मोठे निवासगृह असून कडेने दुकाने व लहान बिऱ्हाडे होती. पुढे प्रबोधनकालात दोनातो ब्रामांते याने रोममध्ये सोळाव्या शतकाच्या आरंभी बांधलेल्या पालात्सो काप्रीनी या प्रासादाच्या तळमजल्यावर दुकाने ठेवली आणि त्यावरील मजला जोडस्तंभांनी सजविला. खडबडीत दगडी तळमजला व त्यावर मानाचा मजला ही मांडणी यूरोपभर अनुकरणीय ठरली.

व्हिएन्नात या मांडणीस नवे निमित्त मिळाले. सम्राट फ्रान्सिस जोसेफ याने २० डिसेंबर १८५७ रोजी जुन्या शहराभोवतीचे तट पाडण्याची आज्ञा दिली. मोकळ्या झालेल्या पट्ट्यात रिंगस्ट्रास हा रुंद वर्तुळाकार मार्ग आखण्यात आला व १ मे १८६५ रोजी त्याचे उद्‌घाटन झाले. तेथील भूखंड विकून येणाऱ्या रकमेतून सार्वजनिक इमारतींचा खर्च भागविण्याची योजना होती. त्यामुळे भूखंडांच्या किंमती मोठ्या होत्या. त्यांवर केवळ एका कुटुंबासाठी घर बांधणे धनवंतांनाही सहसा परवडत नसे. भाड्याचे उत्पन्न ही या प्रासादांची आर्थिक बैठक होती. १८६० मध्ये ज्यूंना व्हिएन्नात स्थावर मालमत्ता धारण करण्याचा हक्क मिळाला. त्यानंतर टोडेस्को, एप्श्टाइन, एफ्रुस्सी इ. ज्यू पेढीवाल्या घराण्यांनी येथे वास्तू उभारल्या. पिढ्यानपिढ्या नाकारलेल्या नागर प्रतिष्ठेचे दृश्य प्रमाण म्हणूनही त्यांच्या लेखी या घरांना मोल होते.

अशा घराचा आराखडा करताना वास्तुशिल्पज्ञापुढे दोन परस्परविरोधी गरजा असत. भाडेकरूंची ये-जा सुरळीत व्हावी व प्रत्येक बिऱ्हाडास उजेड मिळावा, ही एक. मालकाच्या निवासाचा एकांत व मान राखला जावा, ही दुसरी. अभिजात शैलीतील उभ्या विभागणीने हा प्रश्न बऱ्याच अंशी सुटला. भक्कम दगडी बांधणीचा भास देणाऱ्या तळमजल्यावर दुकाने किंवा पेढी असे. त्यावरील ‘मानाचा मजला’ मालकाचा; तेथील छत सर्वांत उंच, खिडक्या मोठ्या व त्रिकोणिकांनी मंडित असत. वरच्या मजल्यांची उंची व अलंकरण कमी होत जाई आणि भाडेही सामान्यतः त्याच क्रमाने उतरे. उद्‌वाहनाच्या अभावी वर चढण्याचे श्रम हे या उतरत्या भाड्याचे साधे कारण होते. सर्वांवर ठळक कंगणी बसवून सारे मजले एका चौकटीत बांधले जात. प्रवेशद्वार, देवडी व मानाच्या मजल्यापर्यंतचा जिना भव्य ठेवीत. नोकरांसाठी मागील बाजूस वेगळा जिना असे. आतील चौकांतून मागील खोल्यांना उजेड व हवा मिळे.

या प्रकाराचा प्रमुख शिल्पकार म्हणजे थिओफिल हान्सेन (१८१३–९१). कोपनहेगन येथे जन्मलेल्या हान्सेनने अथेन्समधील वास्तव्यात (१८३८–४६) ग्रीक वास्तूंचा प्रत्यक्ष अभ्यास केला होता. व्हिएन्नातील पार्लमेंट भवनात (१८७४–८३) त्याने शुद्ध ग्रीक रूप योजिले. निवासी वास्तूंत मात्र ग्रीक अलंकरण व इटालियन प्रबोधनकालीन प्रासादरचना यांचा मेळ घातला. वीटनिर्माता हाइन्रिख ड्राशे याच्यासाठी त्याने ऑपेरागृहासमोर हाइन्रिखहोफ (१८६१–६३) ही वास्तू बांधली. तिच्यात अनेक भाड्याची घरे एका दर्शनी भागामागे एकवटली होती. गुस्टाफ एप्श्टाइन याच्या प्रासादात (१८६८–७१) तळाशी पेढी, पहिल्या मजल्यावर कुटुंबाची दालने व त्यांवर भाड्याची बिऱ्हाडे होती. या बांधकामावर तरुण ओटो व्हाग्नरने देखरेख केली. एफ्रुस्सी प्रासादाची (१८७२–७३) रचनाही याच तत्त्वावर आधारलेली आहे.

या गृहप्रकारास आरंभापासून विरोधही झाला. कलेतिहासकार रूडॉल्फ आयटेलबेर्गर व वास्तुशिल्पज्ञ हाइन्रिख फेर्स्टेल यांनी १८६० मध्ये एका पुस्तिकेद्वारे भाड्याच्या बहुकुटुंबी घरावर टीका केली आणि मध्यमवर्गीय कुटुंबाने इंग्लंडप्रमाणे स्वतःच्या स्वतंत्र घरात राहावे, असे प्रतिपादन केले. भूखंडांच्या किंमतींपुढे हा आग्रह शहराच्या मध्यभागी टिकला नाही. पुढे १८९८ मध्ये आडोल्फ लोस याने व्हिएन्नाला ‘पोटेम्किनची नगरी’ म्हणून हिणविले. सिमेंटचे अलंकार चिकटवून भाडेकरूस उमरावाचा आव आणावयास लावणे ही त्याच्या मते फसवणूक होती. लोसचा आक्षेप प्रामुख्याने ज्या घरांत दर्शनी वैभवाशी आतील राहणीचा संबंध उरला नव्हता, त्यांना लागू पडतो. एप्श्टाइन किंवा एफ्रुस्सी प्रासादांत दर्शनी भागातील श्रेणी ही आतील वास्तव श्रेणीची नोंदच होती : मोठी खिडकी मालकाची, लहान खिडकी भाडेकरूची. तेथे असत्य नव्हते. विषमता मात्र उघड होती. ही श्रेणीच पुढे उद्‌वाहनाने निरर्थक ठरविली. सर्व मजले सारखेच सुगम झाल्यावर त्यांच्या खिडक्यांत भेद करण्यास कारण उरत नाही, हे सूत्र ओटो व्हाग्नरने आपल्या लेखनात मांडले.

भाड्याने घराला आधार दिला, तरी मालकाचे दैव सावरण्याइतका तो बळकट नव्हता. मे १८७३ मध्ये व्हिएन्नाचा रोखेबाजार कोसळला, एप्श्टाइनची पेढी बुडाली आणि काही वर्षांतच प्रासाद त्याच्या हातून गेला. पहिल्या महायुद्धकाळात, १९१७ पासून, भाडेवाढीवर कायदेशीर निर्बंध आले. युद्धोत्तर चलनवाढीत गोठलेल्या भाड्यांचे मूल्य नगण्य झाले व अशा घरांमागील मूळ हिशेब कोलमडला. भाडेकरूंना मिळालेले हे संरक्षण सामाजिक दृष्ट्या मोलाचे होते. मालकांच्या दृष्टीने ते एका युगाची अखेर ठरले. १९३८ मध्ये ऑस्ट्रिया जर्मनीस जोडला गेल्यावर नाझी राजवटीने एफ्रुस्सी कुटुंबाची वास्तू व संग्रह बळकाविले. ज्या घराने नागरिकत्वाची साक्ष द्यावयाची, त्याच घरातून त्या कुटुंबाला बाहेर पडावे लागले. या घराण्याचा वंशज व कुंभकलाकार एडमंड द व्हाल याने २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ही हकीकत नोंदविली आहे.

हाइन्रिखहोफ १९४५ मध्ये युद्धात जळाला व १९५४ मध्ये पाडण्यात आला. एप्श्टाइन प्रासाद न्यायालय, शिक्षणमंडळ व १९४५–५५ या काळात सोव्हिएट लष्करी कार्यालय अशा निरनिराळ्या उपयोगांनंतर २००५ पासून ऑस्ट्रियन पार्लमेंटच्या वापरात आला. व्हिएन्नाच्या ऐतिहासिक केंद्राचा २००१ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसायादीत समावेश झाला. ज्या कुटुंबांसाठी व ज्या हिशेबाने ही घरे बांधली गेली, ती कुटुंबे व तो हिशेब राहिला नाही. तरीही दुकान, मालकाचे निवासस्थान आणि भाड्याची बिऱ्हाडे यांना एका सुसंगत रचनेत सामावून घेता येते, हे या वास्तूंनी दाखवून दिले. दाट वस्तीच्या शहरांतील गृहरचनेच्या इतिहासात त्यांचे महत्त्व यामुळेच आहे.