दोर कापावेत की बांधावेत?

ग्वाल्हेरच्या माधवगंजात वाढलेल्या मराठी मुलालाही सिंहगडाची गोष्ट सांगावी लागत नाही. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजी मालुसरे पडले, मावळ्यांचे पाय डळमळले आणि सूर्याजीने परतीचे दोर कापले, अशी ती परंपरेने आलेली कथा. आज आपली तरुण मंडळी भिंती, दोर, खंदक, चिखल अशा अडथळ्यांची शर्यत आखू लागली, की त्यांच्या बोलण्यात हेच कापलेले दोर येतात. पण आपल्या लष्करच्या डोक्यावर उभा असलेला किल्ला निराळीच गोष्ट सांगतो.

१७८० साली हा किल्ला महादजी शिंद्यांकडे होता आणि तो अजिंक्य समजला जाई. इंग्रजांच्या कॅप्टन पॉपहॅमने ऑगस्टच्या आरंभी एका रात्री तो घेतला. शत्रूचे यश सांगताना जीभ थोडी अडखळते. तरीही त्याची तयारी पाहण्यासारखी आहे. गोहदच्या राण्याच्या माहीतगार माणसांकडून आधी वाट हेरली गेली. लाकडी शिड्या गुपचूप तयार झाल्या. पावलांचा आवाज होऊ नये म्हणून शिपायांना कापूस भरलेले जोडे दिले. खाली पोचल्यावर वर दिवे हलताना दिसले, पहारेकऱ्यांचे खोकणे ऐकू आले. गस्त पुढे जाईपर्यंत सगळे थांबून राहिले. मग सुमारे सोळा फुटांचा ताशीव कडा, त्यावर चढण आणि शेवटी तीस फुटांची भिंत! वाटाडे आधी चढले, त्यांनी दोराच्या शिड्या पक्क्या बांधल्या, आणि त्यानंतरच कॅप्टन ब्रूस वीसेक शिपायांसह वर गेला.

आत शिरताच काही शिपायांनी उतावीळपणे झोपलेल्यांवर गोळ्या झाडल्या आणि सारा किल्ला जागा झाला. इतक्या तयारीनंतरही बेत फसण्याची वेळ आली, ती अशी तिघाचौघांच्या अविचाराने. पुढे १७८३ मध्ये महादजींनी किल्ला परत मिळवला.

तेव्हा शर्यत आखणाऱ्यांनी सूर्याजीकडून जिद्द घ्यावी, दोर मात्र बांधायचेच ठेवावेत. युद्धात परतीची वाट बंद करण्याला अर्थ असतो. खेळात प्रत्येक अडथळ्याला वळसा घालणारी वाट हवी, थकलेल्याला लाज न वाटता बाजूला होता यावे. भिंत आधी आखणाऱ्याने स्वतः चढून पाहावी. डॉक्टरची गाडी कुठवर येते ते आदल्या दिवशी चालवून बघावे. आभाळ फिरले तर शर्यत थांबवण्याचा अधिकार कोणाकडे, हे आधीच ठरवावे. चीनच्या गान्सू प्रांतात २२ मे २०२१ रोजी डोंगरातल्या शंभर किलोमीटरच्या शर्यतीत अचानक गारठा, वारा आणि पाऊस आला. एकवीस धावपटू दगावले. ते कच्चे गडी नव्हते.

धावणाऱ्याच्या छातीत धडधड व्हावीच, त्यासाठीच तो येतो. आखणाऱ्याची धडधड मात्र आदल्या रात्रीच, एकेक गाठ ओढून पाहताना होऊन गेलेली बरी.